शेवटचा हिस्सेदार

पेठेत पाहिलेल्या पहिल्या घराला खिडकी होती, पण उजेड समोरच्यांचा होता. मधे जेमतेम चार फुटांचा बोळ. पलीकडे स्वयंपाकघर, त्यात ट्यूबलाइट, ट्यूबलाइटखाली एक काकू भेंडी चिरत बसलेल्या. "उजेड बघा की हो किती," एजंट म्हणाला. काकूंनी मान वर न करता विचारलं, "कितीला म्हणतोय?" मी आकडा सांगितला. "घेऊ नका," काकू म्हणाल्या आणि पुढची भेंडी घेतली. सहा महिन्यांत मला फुकट मिळालेला हा एकमेव सल्ला, आणि बरोबर ठरलेलाही एकमेव.

तरी घेतलंच. ते नव्हे, शनिवार पेठेतलं दुसरं.

आता भेटेल तो हिशेब मांडतो. एवढ्या पैशांत वाघोलीला तीन बेडरूम आल्या असत्या, क्लब हाउस आलं असतं, पोहायला तलाव आला असता. आला असता. तलावात टँकरचं पाणी आणि प्यायलाही टँकरचंच, म्हणजे पोहताना तहान लागली तरी अडचण नाही. पेठेत नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणून हौद भरले, त्याला अडीचशेच्या वर वर्षं झाली. वाघोलीच्या नळासाठी तेवढी वाट बघायची माझ्या आईची तयारी नाही. बार्शीहून आलेल्या तिने एवढंच विचारलं होतं, "मंडईला चालत जाता येईल ना?" येतं. डॉक्टरकडे येतं, देवळात येतं, २०२४ च्या सप्टेंबरापासून कसबा पेठेच्या मेट्रोलाही येतं. गाडीने मात्र कुठेच जाता येत नाही. त्यावर सावकाश येतो.

शनिवारवाड्याच्या जवळचं घर आधी बायकोला आवडलं होतं. जुना वाडा पाडून तिथे इमारत "होणार" होती. कधी, हे विचारल्यावर बिल्डरने तटबंदीकडे असं पाहिलं, जशी ती त्याची सासू आहे. केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करायचं नाही आणि त्यापुढे आणखी दोनशे मीटर परवानगीशिवाय काही करायचं नाही, असा कायदा आहे. मूळ कायदा १९५८ चा, २०१० साली तो आणखी आवळला. आतला पेशव्यांचा वाडा १८२८ च्या आगीत गेला, उरलं जोतं, दरवाजे आणि तट. त्या तटाच्या रक्षणासाठी शेजारचे वाडे आपापल्या परीने खाली येताहेत. पडायला परवानगी लागत नाही. दर पावसाळ्याआधी महापालिका अशा वाड्यांना "धोकादायक, रिकामा करा" अशी नोटीस देते, आणि दुसरा कागद सांगतो की नवं बांधता येणार नाही. राहू नका, पाडू नका, बांधू नका. इतिहास जपायची ही आपली रीत.

म्हणून तीनशे मीटर ओलांडून गेलो. टेप एजंटकडेच होती.

एजंटाचं ऑफिस म्हणजे अमृततुल्यातलं कोपऱ्यातलं टेबल. तिथे त्याने मला पेठेतल्या घरखरेदीचं सूत्र सांगितलं: "साहेब, इथे घर घ्यायचं नसतं. हिस्सा घ्यायचा असतो." मला वाटलं, चहाच्या भरात बोलतोय. वकिलाकडे गेल्यावर समजलं की कागदावरही तेच लिहिलेलं असतं.

आमची इमारत म्हणजे पूर्वीचा दोनचौकी वाडा. जागा साडेतीन गुंठे. वर बारा घरं. त्यातली पाच जुन्या भाडेकरूंची, तीन मालकांच्या वारसांची, चार बिल्डरने विकायला काढलेली. सरळ भाषेत सांगायचं तर आठ घरं ज्यांना पैसे द्यावे लागले नाहीत त्यांची, आणि त्या आठांसह बारा घरांचा खर्च चौघांकडून काढायचा. त्या चौघांतला मी एक. उरलेले तिघे मला जिन्यात भेटतात तेव्हा आम्ही बोलत नाही, नुसती मान हलवतो. अंत्ययात्रेत हलवतात तशी.

भाडेकरूंना घरं फुकट कशी, हा प्रश्न मीही विचारला. उत्तर १९४७ सालात सापडतं. त्या साली मुंबई प्रांताने भाडेनियंत्रणाचा कायदा केला आणि १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं चालू होतं ते प्रमाण धरलं. युद्ध संपलं, इंग्रज गेले, सोनं कुठल्या कुठे पोचलं, भाडं तिथेच. मग १९९९ चा नवा कायदा आला, २००० च्या मार्चअखेर लागू झाला आणि त्याने मालकाला वर्षाला चार टक्के वाढ देऊ केली. चाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. एवढ्यात मालकाने छपराची कौलं बदलावीत अशी अपेक्षा होती. त्याने ती बदलली नाहीत. भाडेकरूने का बदलावीत, वाडा त्याचा थोडाच होता? तुळईला वाळवी लागली तेव्हा दोघेही एकमेकांकडे बघत राहिले, आणि साठ वर्षं बघत राहिल्यावर तुळईच खाली आली. मधल्या काळात भाडेकरूच्या बायकोने चौकातल्या एका नळावर पाच बिऱ्हाडांत नंबर लावून पाणी भरलं आणि मालकाच्या मुलांनी "पेठेत आमचा वाडा आहे" असं सांगून बँकेत कारकुनी केली. मालक चूक नव्हता, भाडेकरूही नव्हता. कायद्याने दोघांना सारखं गरीब ठेवलं, आणि मग बिल्डर येऊन दोघांचा तारणहार झाला. त्याचं पुण्य माझ्या हप्त्यातून फिटतंय.

वारसांची कथा वेगळीच. मूळ मालक १९६८ साली गेले. मागे तीन मुलगे, चार मुली, आणि त्या सगळ्यांना मुलं. एक नातू न्यू जर्सीत, एक नात इंदूरला. घर घेण्याआधी तीस वर्षांचा सर्च काढायचा असतो. माझ्या वकिलाने तो काढला, मग माझ्याकडून तीस वर्षांचा वाटावा असा चेक काढला. मिळकतपत्रिकेवर एवढी नावं होती की मुंजीचं आमंत्रण असतं तर हॉल घ्यावा लागला असता. मुलींनी हक्कसोडपत्रं करून दिली होती. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा महाराष्ट्रात १९९४ ला मिळाला, देशभर २००५ ला. या घरात तो त्याही आधी भावांनी सोडवून घेतला. बहिणींना भाऊबीज, भावांना एफएसआय.

एक मृत्युपत्र मात्र सापडत नव्हतं. "पानशेतात गेलं," थोरले वारस म्हणाले. पेठेत हे उत्तर चालतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांतून पाणी फिरलं, वाडे बसले, संसार वाहून गेले. त्याची चेष्टा करायची नाही. पण घर घ्यायला निघालो तेव्हापासून मला वाटू लागलंय की त्या दिवशी पुण्यात मुख्यतः कागदच वाहिले असावेत. नकाशा कुठाय? पानशेतात. भाडेपावत्या? पानशेतात. वकिलाने चष्मा पुसत विचारलं, "मृत्युपत्र आजोबांनी करायच्या आधीच वाहून गेलं का हो? ते गेले अडुसष्टला, त्याच वर्षी केल्याचं तुम्हीच सांगितलंत. पूर एकसष्टचा." वारस क्षणभर थांबले. "मग खडकवासल्यात गेलं असेल," म्हणाले. चार दिवसांनी ते त्यांच्याच कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली सापडलं.

रेरा आहे ना, असं पुण्याबाहेरचे मित्र धीर देतात. आहे. पण जागा पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी नसेल तर त्या प्रकल्पाला रेराची नोंदणी लागत नाही. साडेतीन गुंठे म्हणजे साडेतीनशे मीटरच्या आसपास. पेठेतले वाडे पेशवाईत बांधणाऱ्यांनी ही सूट आधीच ओळखून प्लॉट पाडले असावेत. त्यामुळे आमच्या बिल्डरच्या तोंडात अजून "सेलेबल" हा शब्द आहे. सेलेबल सातशे वीस फूट, कार्पेट चारशे ऐंशी. मधले दोनशे चाळीस फूट कुठे आहेत? "जिन्यात, लिफ्टमध्ये, भिंतींत," तो म्हणाला. म्हणजे माझ्या घराचा तिसरा हिस्सा मी कुणालाही हातात धरून दाखवू शकत नाही. जमिनीतला माझा अविभक्त हिस्सा मात्र नऊ टक्के. साडेतीनशे फुटांच्या आत-बाहेर भरतो. कुठले फूट, ते विचारायचं नाही.

आता पैसे. करार एक कोटीचा. पंचाहत्तर लाखांवरच्या कर्जाला बँक किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांहून पुढे जात नाही, म्हणून आम्ही बरोबर पंचाहत्तरावर थांबलो आणि पंचवीस घरातून काढले. "घरातून" म्हणजे आईच्या पाटल्या, बायकोचा पीएफ आणि बार्शीची दोन एकर. मुद्रांक शुल्क बँक धरत नाही. पुण्यात सगळे उपकर मिळून ते सात टक्के, त्यातला एक टक्का मेट्रोसाठी. एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर सहा. एक टक्का म्हणजे एक लाख. आमच्यात स्त्री-पुरुष समानतेवर आजवर जेवढी भांडणं झाली ती सगळी दुय्यम निबंधकाच्या दारात एक लाखात मिटली. खरेदीखतावर माझं नाव नाही. कर्जाच्या कागदावर आहे, सहकर्जदार म्हणून, अगदी ठळक अक्षरात. बारा घरांच्या इमारतीत मी हिस्सेदार असल्याचं वर म्हणालो, तेही खरं नाही. बायको हिस्सेदार आहे. मी तिच्याकडे असतो.

नोंदणी फी तीस हजार. त्याहून जास्त घेत नाहीत, ही सरकारची मेहेरबानी. पावती हातात घेऊन मी बाहेर आलो आणि उगाच आठवलं, शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला, शनिवारी, घातला आणि सगळा वाडा बाजीरावांना सोळा हजार एकशे दहा रुपयांत पडला. माझ्या पावतीत दोन शनिवारवाडे जवळजवळ बसले असते. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना पार्किंग द्यावं लागलं नव्हतं."

पार्किंग. आमच्या इमारतीला ते आहे, आणि ते यांत्रिक आहे. लोखंडी पाळणा, एक गाडी खाली, एक वर. माझी वर. वरची गाडी काढायची तर खालच्याने आधी आपली बाहेर काढायची, खालचे गृहस्थ दुपारी एक ते चार झोपतात, आणि पेठेत या वेळेबद्दल वाद घालण्याइतका मी नवखा नाही. मग गाडी रस्त्यावर. तिथे सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. दर रात्री साडेअकराला बोळातले पुरुष पायजम्यात किल्ल्या घेऊन खाली उतरतात आणि अमावास्या-पौर्णिमा न बघता तारीख बदलताना पहारा करतात. एकतीस तारखेनंतर एक येते, दोन्ही विषम. त्या रात्री सगळे निवांत झोपतात. पंचांगात नसलेला हा पेठेतला एकमेव सण. बाकीच्या सणांचं सांगायला नको. ताबा मिळाला त्या दिवशी पत्ता तपासायला बँकेचा माणूस येणार होता, त्याच्याआधी मंडळाचा आला. गणपतीला चार महिने होते. पावतीवर त्याने नाव लिहिलं, "शनिवार पेठ, नवीन." मांडव आमच्या फाटकासमोरच पडतो, हेही त्यानेच सांगितलं, शुभवार्ता दिल्यासारखं. दहा दिवस गाडी आत असली तर आत, बाहेर असली तर बाहेर. मिरवणुकीचे वर तीसेक तास. पाळण्यातल्या खालच्या गृहस्थांनाही त्या दिवसांत कुणी उठवणार नाही, तेवढी त्यांची झोप पुण्यवान.

बिल्डरने इमारतीच्या नावात "वाडा" घातलाय, "हेरिटेज" घातलाय आणि "रेसिडेन्सी"ही. जुन्या वाड्याचे सागवानी खांब त्याने विकले, दिंडीदरवाजा मुळशीकडच्या एका रिसॉर्टात लागला, तिथे लोक त्याच्यासमोर लग्नाआधीचे फोटो काढतात. एक खांब त्याने ठेवला. लिफ्टजवळ, काचेत, खाली छोटा दिवा. त्यावर कुणीतरी किराणामालाच्या दुकानाचं स्टिकर लावलंय. वाड्यातला आड बुजवला नाही, त्यावर सिमेंटचं झाकण टाकून मोटर बसवली आणि माहितीपत्रकात "स्वतंत्र जलस्रोत" म्हणून छापला. गच्ची वारसांनी करारात स्वतःकडे राखली. कुरडया वाळत घालायच्या तर त्यांना विचारायचं. आकाश सामाईक आहे, म्हणजे त्यावर अजून कुणाचा हरकतीचा अर्ज पोचलेला नाही.

सोसायटीची पहिली बैठक जिन्यातच झाली, कारण आमचे दोनशे चाळीस फूट तिथे आहेत. विषय मेंटेनन्स. महिना अडीच हजार. जुन्या भाडेकरूंपैकी अप्पा, वय चौऱ्याऐंशी, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. "मी या वास्तूत १९६३ साली आलो," ते म्हणाले. "भाडं अठ्ठावीस रुपये. शेवटची पावती बेचाळीसची. आता फरशी गुळगुळीत केलीत, संडास घरात आणलात, त्याचं अडीच हजार?" कुणीतरी लिफ्टचं सांगितलं. "मी पहिल्या मजल्यावर राहतो. लिफ्ट मी मागितली नव्हती." वारसांचा प्रतिनिधी म्हणाला, आम्ही तर जमीन दिली. बिल्डरचा माणूस म्हणाला, वर्षभर आम्ही भरलं. सगळ्यांच्या माना मग आम्हा चौघांकडे वळल्या. एक कोटी देऊ शकणाऱ्यांना अडीच हजारांचं काय, असा भाव होता. खोटं कशाला सांगू, अप्पांचा मला राग आला नाही. एवढी वर्षं ज्याने चौकातल्या संडासापुढे डबा घेऊन रांग लावली, त्याला घरातल्या संडासाचे पैसे मागायला तोंड लागतं. माझ्याकडे ते नव्हतं. चौघांनी मिळून पहिल्या वर्षाचं भरलं. एजंटाचं सूत्र मला त्या जिन्यात शेवटी पूर्ण कळलं. पेठेतल्या घराचे पैसे सर्वांत शेवटी येणारा देतो, आणि हिस्साही त्याला सर्वांत शेवटी मिळतो, तोही इतरांचं पोट भरून उरला तर.

वास्तुशांतीचा मुहूर्त गुरुवारचा होता. टेम्पो मंगळवारी मिळाला, तोही रात्री, कारण दिवसा पेठेत टेम्पो शिरत नाही आणि शिरला तर निघत नाही. आईला मंगळवार पसंत नव्हता, पण टेम्पोवाल्याला बुधवार पसंत नव्हता. सामान चढवताना कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. अप्पांचं दार त्याच वळणावर. ते दारात खुर्ची टाकून बसले होते आणि कपाट कसं फिरवायचं ते काठीने दाखवत होते. चुकीचं दाखवत होते, पण कुणाची सांगायची हिंमत नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी दूध घेऊन वर जात होतो. अप्पांनी थांबवलं.

"तिसऱ्या मजल्यावर आलात ते तुम्हीच ना?"

"हो, अप्पा."

"मूळचे कुठले?"

मी ठरवून म्हणालो, "आता इथलाच."

"इथले?" त्यांनी कान पुढे केला. "कधीपासून?"

"मंगळवारपासून."

अप्पा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग मान मागे वळवून आत ओरडले, "अगं, मंगळवारातले आहेत. जुन्या बाजाराकडचे."

आतून भांड्यांच्या आवाजात उत्तर आलं, "असू देत. तिकडेही असतात चांगली माणसं."